बंब आला, बाजूला व्हा!

आपल्या मराठीत बंब दोन. एक न्हाणीघरातला, चिंच लावून लख्ख घासलेला तांब्याचा. दुसरा रस्त्यावरून घणघणाट करत जाणारा, लालभडक. पोर्तुगीज भाषेत पंपाला ‘बोंबा’ म्हणतात, त्यावरून हा शब्द आपल्याकडे आला असं सांगतात. पण दोघांत फरक केवढा! एकाच्या पोटात आग आणि भोवती पाणी. दुसरा पोटात पाणी घेऊन आगीकडे धावतो.

हे सगळं आठवायला निमित्त झालं आमच्या नातवाचं. एप्रिलमध्ये लेक चार दिवस माहेरपणाला पुण्याहून कोल्हापूरला आली होती. अंबाबाईचं दर्शन घेऊन आम्ही जोतिबा रोडला वळलो. मला बांगड्या बघायच्या होत्या, पण चिरंजीव खेळण्यांच्या दुकानासमोर जे रुतून बसले ते हलेनात. ‘आजी, तो बंब!’ प्लॅस्टिकचा होता. वर पिवळी शिडी, खाली चावी. घासाघीस करून घेतला एकदाचा.

जावईबापूंना मात्र तो पसंत पडला नाही. त्यांना लहान मोटारींच्या प्रतिकृती जमवायचा नाद आहे. घरी काचेचं कपाट, त्यात मॅचबॉक्सच्या गाड्या ओळीनं मांडलेल्या. हात लावायची कुणाला परवानगी नाही, आणि धूळ पुसायचं काम तेवढं आमच्या लेकीकडे! या कंपनीच्या नावाची गोष्ट त्यांनीच मला सांगितली. इंग्लंडमध्ये जॅक ओडेल नावाच्या कारागिराच्या मुलीला शाळेत काड्यापेटीत मावेल एवढंच खेळणं नेता येई. म्हणून बापानं तिला पितळेचा चिमुकला रोडरोलर करून दिला. त्यातून 1953 साली मॅचबॉक्स गाड्या निघाल्या. पुढे 1955 च्या सुमाराला त्यात डेनिस कंपनीच्या बंबाची प्रतिकृतीही आली. म्हणजे बघा, आग विझवणारी गाडी आणि ती बसायची कुठे, तर काड्यापेटीत!

‘खरा बंब दाखव,’ म्हणून नातवानं दुसऱ्या दिवशी टुमणं लावलं. 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या दारूगोळ्यानं भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले कितीतरी जवान तिथेच गेले. त्यांच्या आठवणीचा हा आठवडा. म्हटलं, चला, दोन लाडू डब्यात घालू आणि जाऊन येऊ.

केंद्रातले जवान अगदी घरच्यासारखे बोलले. नातवाला उचलून पुढच्या सीटवर बसवलं, हेल्मेट घातलं. ते त्याच्या नाकापर्यंत आलं! मग एकानं मला गाडी दाखवली. मोठ्या बंबात साडेचार-पाच हजार लिटर पाणी मावतं. पंप वेगळ्या इंजिनावर नाही, बहुधा गाडीच्याच इंजिनावर चालतो; म्हणून गाडी उभी असली तरी इंजिन घरघरत असतं. मी म्हटलं, ‘एवढं पाणी म्हणजे दिवसभर पुरत असेल.’ तो हसला. ‘पूर्ण जोरात सोडलं तर चार-पाच मिनिटांत टाकी मोकळी होते मावशी. म्हणून मागनं दुसरी गाडी, टँकर लागतोच.’

आगच नव्हे, पुरातही हीच माणसं. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा शहरात शिरली तेव्हा बोटी घेऊन तेही धावले होते. एरवी पतंगाच्या मांज्यात अडकलेली घार सोडवायलाही यांनाच फोन. आता या कामात बायकाही आहेत. आपल्या नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयातून शिकलेल्या हर्षिनी कान्हेकर या देशातल्या पहिल्या महिला अग्निशमन अधिकारी म्हणून ओळखल्या जातात.

निघताना मी सहज विचारलं, ‘सगळ्यांत अवघड काय जातं हो? उंच इमारत?’ तो म्हणाला, ‘नाही मावशी. पाणी आणता येतं, शिडी आणता येते. रस्ता कुठनं आणायचा? पेठेतल्या गल्लीत दोन्ही बाजूंनी गाड्या लावलेल्या असतात.’

मी काही बोलले नाही. डबा पिशवीत घातला आणि रिक्षा केली.

रिक्षा खासबागेवरून आली. शाहू महाराजांनी उभारलेलं कुस्त्यांचं मैदान, आणि त्याला लागून केशवराव भोसले नाट्यगृह. 1915 चं हे पॅलेस थिएटर. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री इथेच आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. गच्चीवरून आभाळ तांबडं दिसत होतं आणि बंबांच्या आवाजानं अख्खी मंगळवार पेठ जागी होती. ज्या रंगमंचावर लग्नानंतरचं पहिलं नाटक पाहिलं, तो डोळ्यांदेखत गेला. मोठी माणसं रडत होती. नाट्यगृह पुन्हा बांधायचं ठरलं, पण त्या रात्रीचा वास अजून नाकातून जात नाही.

आणि मला मात्र त्या रात्रीही आठवत होती ती आमची गल्ली. बारा-एक वर्षं झाली. दिवाळीच्या तोंडावर शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात कढईतल्या तेलानं पेट घेतला. घाबरून कुणीतरी त्यावर पाणी ओतलं, तसा भडका पडद्यांपर्यंत गेला. बंब वेळेवर आला, पण गल्लीच्या तोंडाशी अडला. तिथे एक स्कूटर आडवी होती, हँडल लॉक केलेली. किल्ली सापडेपर्यंत पाच-सात मिनिटं गेली. जिवावरचं काही झालं नाही, पण काकूंचं माळघर गेलं. त्यांच्या आईच्या हातची पैठणी होती त्यात. ती स्कूटर आमची होती. काकूंनी आजवर एका शब्दानं विचारलेलं नाही. म्हणूनच ते जास्त लागतं.

तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळते, तुम्हीही पाळा. तेल पेटलं तर पाणी नको. गॅस बंद करून वर घट्ट झाकण सरकवायचं. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण दाबायचं नाही, रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडायच्या; हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. गळतीसाठी 1906 आणि आगीसाठी 101 हे आकडे फ्रिजवर चिकटवून ठेवलेत.

संध्याकाळी नातू पडवीत बंब चालवत होता. काकू नेहमीसारख्या येऊन बसल्या होत्या. एकदम तो थांबला आणि ओरडला, ‘आज्जी, चपला उचल ना! बंब यायचाय!’

काकू हसल्या. मी उठले, सगळ्यांच्या चपला गोळा करून कडेला लावल्या. मग बाहेर जाऊन ह्यांची स्कूटर आत घेतली.