सफाई आणि पुरावा

हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या अल्लीपुरात पिकांचे हंगाम दोन आणि भाषणांचे तीन. एक ऑगस्टचा, एक जानेवारीचा आणि तिसरा निवडणुकीचा. तिसऱ्या हंगामाशी माझा संबंध नाही. पहिल्या दोन हंगामांत मात्र मोहल्ल्यातली पोरं वही घेऊन दारात उभी राहतात आणि म्हणतात, "मामू, भाषण लिख के दो ना." मी लिहून देत नाही. त्यांनी लिहिलेलं ऐकतो, प्रश्न विचारतो आणि पुन्हा लिहायला लावतो. त्यामुळे अशी बरीच कच्ची भाषणं माझ्या कानावरून गेली आहेत.

त्यांचा एक साचा ठरलेला आहे. आधी सन्माननीय व्यासपीठ, गुरुजनवर्ग आणि बालमित्रांना नमस्कार. मग एखादा शेर. मग नावांची माळ: अशफाकउल्ला खान, मौलाना आझाद, वीर अब्दुल हमीद, डॉ. अब्दुल कलाम. आणि मग, आम्हीही याच मातीची लेकरं आहोत, हे सांगणारं वाक्य. एवढं होईपर्यंत वेळ संपल्याची घंटा वाजते. विषय पाण्याचा असो, वाचनाचा असो की स्वच्छतेचा, भाषण त्या मातीपाशी येऊन थांबतं. त्याच वर्गातला दुसरा मुलगा 'झाडे लावा' या विषयावर बोलताना थेट झाडापासून सुरुवात करतो. आपण कोण, हे त्याला आधी सांगावं लागत नाही.

माळेतली नावं मोठीच आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण भाषणात एखादं नाव, आकडा किंवा प्रसंग येतो तो कशाला तरी आधार द्यायला. इथे ही नावं कोणत्या म्हणण्याला आधार देतात? भाषणातल्या एकाही नाही. सभेत कुणीही न विचारलेल्या एका प्रश्नाचं ती उत्तर असतात. कोर्टाच्या भाषेत बोलायचं तर ती सफाई असते, पुरावा नव्हे. सफाई आरोपी देतो, स्वतःबद्दल देतो. पुरावा साक्षीदार देतो आणि घडलेल्या गोष्टीबद्दल देतो. नवव्या इयत्तेतलं पोर पाच मिनिटांसाठी माइकसमोर जातं आणि कुणी न सांगता आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहतं, हे मला बघवत नाही.

माझी भाची गेल्या हिवाळ्यात अशीच वही घेऊन आली. वक्तृत्व स्पर्धेचा विषय होता, 'माझ्या गावाचा एक प्रश्न'. वेळ पाच मिनिटं. तिचं पहिलं भाषण साच्यातलंच होतं. वाचून झाल्यावर मी विचारलं, "ये सब ठीक है, पण तुला सांगायचं काय आहे?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मामू, वेचणी सुरू झाली की माझ्या वर्गातल्या पोरी येतच नाहीत."

हा तिचा विषय होता, आणि चार पानांच्या भाषणात तो कुठेच नव्हता.

माझी बहीण शेजारी भाजी निवडत बसली होती. तिला हे पटलं नाही. "पहले वो मिट्टीवाली बात बोल दे, फिर जो बोलना है बोल," ती म्हणाली. "लोग सुन तो लेंगे." तिची भीती खोटी नाही. आजच्या हवेत लेकीनं मंचावर जाऊन गावाचा प्रश्न मांडायचा आणि आधी ढाल पुढे धरायची नाही, हे कुठल्याही आईला जड जाणार. त्या भीतीला माझ्याकडे पुस्तकी उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हणालो, की ऐकणाऱ्याचं लक्ष पहिल्या मिनिटाला सगळ्यांत ताजं असतं. ते मिनिट ढालीवर खर्च झालं, तर वेचणीतल्या पोरींची गोष्ट थकलेल्या कानांवर पडेल.

मग आम्ही कामाला लागलो. पहिली अट अशी, की सगळं भाषण एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. अख्खी संध्याकाळ त्या एका वाक्यावर गेली. शेवटी ते असं झालं: "वेचणीच्या दिवसांत मुलींची शाळा बुडते, म्हणून त्या दिवसांत शाळेची वेळ बदलावी." या वाक्यात तक्रार आहे आणि मागणीही आहे. जे या वाक्याला धरून नाही, ते कितीही चांगलं असलं तरी बाहेर.

एका बैठकीत एकच गोष्ट, ही शिस्त आपल्या जिल्ह्याला नवी नाही. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर मराठीत प्रवचनं दिली. २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार, आणि दर रविवारी एक अध्याय. समोर कैदी बसलेले, लिहून घ्यायला साने गुरुजी. सगळी गीता एकदम सांगायचा मोह त्यांनी केला नाही. पुढे पवनारला राहिलेल्या याच विनोबांनी कुराणातल्या निवडक आयतींचा संग्रह केला. मोठ्या ग्रंथातून नेमकं काय घ्यायचं, याची त्यांना सवयच होती.

दुसरी अट आधाराची. मी भाचीला म्हटलं, "येत नाहीत म्हणजे किती येत नाहीत? मोजून आण." दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडते, तेव्हा इकडे कापूस फुटलेला असतो. पाऊस कधी येईल याचा नेम नाही, मजूर मिळत नाहीत, म्हणून घरातले सगळे हात शेतात लागतात. हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि म्हणूनच कुणी मोजत नाही. तिनं वहीच्या मागच्या पानावर रोजचा हिशेब ठेवला. सोमवारी पाच मुली नव्हत्या, मंगळवारी सात. बाजाराच्या दिवशी त्यातल्या दोघी परत आल्या. तीन आठवड्यांनी त्या पानावर जे होतं, ते कुठल्याही शेरापेक्षा वजनदार होतं. कारण ते तिनं स्वतः पाहिलेलं होतं आणि वर्गातलं कुणीही ते तपासून पाहू शकत होतं.

एक आधार डोळ्यांनी पाहिलेला झाला. दुसरा कायद्यातला घेतला. २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. नववीतली मुलगी साधारण त्याच उंबरठ्यावर कायद्याच्या बाहेर पडते. म्हणजे जिला शेतात नेणं सगळ्यांत सोयीचं, तिलाच कायद्याचा आधार सगळ्यांत कमी. ही गोष्ट भाचीच्याच लक्षात आली.

पुरावा असा एकावर एक रचत न्यायचा, हे शिकायला मला महाडइतकी चांगली शाळा दुसरी दिसत नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली झाला होता. चवदार तळं खुलं केल्याचा महाड नगरपालिकेचा ठराव १९२४ चा. हक्क कागदावर आलेला होता, पाण्यापर्यंत पोहोचला नव्हता. २५ डिसेंबर १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी तळ्यावर जाण्याचं कारण आधी स्पष्ट केलं. ते पाणी प्यायलं नाही म्हणून आपण मेलो नाही, तेव्हा जायचं ते तहानेसाठी नाही, तर इतरांसारखीच आपणही माणसं आहोत हे ठरवण्यासाठी, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. आणि मग त्यांनी महाडची ती सभा १७८९ च्या फ्रान्समधल्या राष्ट्रीय सभेशेजारी नेऊन ठेवली. आधी म्हणणं, मग त्याचं कारण, मग जगातला दाखला. फ्रान्सचं नाव तिथे विद्वत्ता दाखवायला आलेलं नाही. महाडच्या मंडपात बसलेल्या माणसाला आपण केवढं मोठं काम करतो आहोत, हे त्या नावामुळे कळतं.

मग आमच्या भाषणातही एक नाव परत आलं. बहिणीला बरं वाटावं म्हणून नव्हे, तर त्याची जागा सापडली म्हणून. मौलाना आझाद देशाचे पहिले शिक्षणमंत्री. त्यांचा जन्मदिवस, ११ नोव्हेंबर, २००८ पासून राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळला जातो. आमच्याकडे तो दिवस वेचणीच्या ऐन भरात येतो. भाचीनं लिहिलं, की देश शिक्षण दिन पाळतो, त्याच दिवसांत माझ्या मैत्रिणींच्या कमरेला कापसाची ओटी बांधलेली असते. पहिल्या भाषणात मौलाना तिची वकिली करायला आले होते. आता ते तिच्या मैत्रिणींसाठी साक्षीला उभे राहिले. तेच नाव, पण जागा बदलली आणि त्याचा अर्थही बदलला.

क्रम लावताना आम्हाला दूर जावं लागलं नाही. जुम्याचा खुतबा दोन भागांत असतो, मध्ये इमाम क्षणभर बसतात. नारदीय कीर्तनातही दोन भाग: पूर्वरंगात विचार मांडायचा, उत्तररंगात आख्यान सांगून तो मनात उतरवायचा. नमाज लांब आणि खुतबा आटोपशीर, हे माणसाच्या समजदारीचं लक्षण, अशी हदीस आहे. अल्लीपूरसारख्या गावात दोन्ही परंपरा कानावर असतात. मधला श्वास बोलणाऱ्यासाठी जितका, तितकाच ऐकणाऱ्यासाठी असतो. भाचीनं पहिल्या भागात हिशेब ठेवला आणि दुसऱ्या भागात एकाच मैत्रिणीची गोष्ट, नाव न घेता. दोन्हींच्या मध्ये ती थांबायला शिकली. मनात तीनपर्यंत मोजायचं, मग पुढचं वाक्य.

शेवटची तयारी विरोधाची. समोरचा काय म्हणेल? कापूस थांबत नाही, म्हणेल. तर मग ते आपणच आधी म्हणायचं: कापूस थांबत नाही हे खरं, म्हणून शाळा बंद करा असं मी म्हणत नाही, तेवढे दिवस शाळा सकाळी भरवा.

स्पर्धा शेजारच्या गावात होती. तिचा नंबर आला नाही. पण तिचं बोलणं संपल्यावर मागच्या रांगेतून एक म्हातारे शेतकरी उभे राहिले आणि तिथूनच म्हणाले, "पोरी, वेचणी सकायीच करा लागते. दव असते तवा पाला कापसाले चिकटत नाई. तुही सकायची शाळा कोनाच्या कामाची?"

मंडप हसला. भाची माइकपाशीच होती. क्षणभर थांबून ती म्हणाली, "मग आजोबा, दुपारची भरवायला सांगा."

ते मान हलवत खाली बसले. "हे जमते," म्हणाले.

कार्यक्रम संपल्यावर ते आजोबा, आणखी दोघं शेतकरी आणि एक शिक्षिका असे चौघं तिला घेरून उभे होते. दुपारी ऊन किती असतं, घरी परतायला अंधार होईल का, नोव्हेंबरात दिवस किती लहान असतो, यावर वाद चालला होता. ती सगळ्यांना उत्तरं देत होती, काही उत्तरं नव्हती तिथे वहीत लिहून घेत होती. माझी बहीण मंडपाच्या खांबाला टेकून बराच वेळ ते बघत होती. कुणीही भाचीला ती कुठली, कुणाची, असं विचारलं नव्हतं. ते तिच्याशी कापसावर भांडत होते.

आता ऑगस्ट जवळ आला आहे, वह्या पुन्हा दारात येतील. ढाल घेऊन येणाऱ्या पोरांवर मी रागावणार नाही, ती त्यांनी स्वतः घडवलेली नाही. मी फक्त विचारीन, "तुला सांगायचं काय आहे?" आणि उत्तर मिळालं, की म्हणेन, "मोजून आण."