सुवर्णभूमीतील पहिले चार दिवस

डोंबिवली स्टेशनापासून आमच्या कापडाच्या दुकानापर्यंत दहा मिनिटांची वाट आहे. त्या वाटेवर रोज पाच-सात जण तरी "जय जिनेंद्र, शेठ" म्हणून मला थांबवतात. ३६ वर्षे एकाच गादीवर बसल्याचे हे फळ. त्याची सवय किती खोलवर गेली होती, हे मात्र बँकॉकला जाईपर्यंत मला कळले नव्हते.

परदेश मी पूर्वीही पाहिला होता, परंतु तो समाजाच्या सहलीतून. बरोबर स्वयंपाकी, त्याची भांडी, पिठाचे डबे आणि सूर्यास्तापूर्वी मांडलेली पंगत. सिंगापूरमधील एकही रस्ता आज मला धड आठवत नाही; तिथे खाल्लेली मुगाची खिचडी आणि कढी तेवढी आठवते. या वेळी तसे काहीच नव्हते. माझी २३ वर्षांची मुलगी पुढील वर्षी दोन वर्षांच्या शिक्षणासाठी परदेशी जाणार आहे. "पप्पा, आधी दहा दिवस एखाद्या मोठ्या परक्या शहरात पाठीवर पिशवी टाकून राहून बघू या. राहणे, खाणे, फिरणे सगळे मी ठरवीन, तुम्ही फक्त बरोबर चला," असे तिने सांगितले आणि मी होकार दिला. खरे सांगायचे तर तिला सोबत म्हणून निघालो की तिची परीक्षा घ्यायला, हे माझे मलाच स्पष्ट नव्हते.

निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही बांना घेऊन ठाण्यास गेलो. टेंभी नाक्यावरील मुनिसुव्रतस्वामींचे मंदिर कोकण शत्रुंजय म्हणून प्रसिद्ध आहे. नवपदाच्या ओळीत श्रीपाळ राजाचा रास ऐकणाऱ्या आपणा सर्वांना हे ठाणे ठाऊक आहेच. धवल शेठने समुद्रात ढकललेला श्रीपाळ नवपदाच्या स्मरणाने तरला, तो याच किनाऱ्याला लागला आणि चाफ्याखाली झोपलेला असताना राजाच्या माणसांना सापडला. दर्शन घेऊन पायऱ्या उतरताना बा म्हणाल्या, "श्रीपाळाला परक्या गावात पहिल्याच दिवशी राजाची माणसे भेटली. तुम्हाला कोण भेटणार?"

मुलीने उत्तर दिले, "बा, आपल्या कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली अठराव्या वर्षी नवऱ्याला मागे ठेवून अमेरिकेला गेल्या. डॉक्टर होऊन आल्या."

"आल्या," बा म्हणाल्या, "पण क्षयाने खंगून आल्या. बाविसावे वर्षही पुरे झाले नाही."

हे दोन्ही खरे होते. १८८६ साली आनंदीबाईंना फिलाडेल्फियात पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. गाडीत मग कोणी फारसे बोलले नाही.

बँकॉकचे घड्याळ आपल्यापुढे दीड तास आहे. विमानतळाचे नाव सुवर्णभूमी. हे नाव आपल्या ग्रंथांना नवे नाही. आळशी शिष्यांना कंटाळून कालकाचार्य एकटेच सुवर्णभूमीला आपले प्रशिष्य सागर श्रमण यांच्याकडे निघून गेले, ही कथा पुष्कळांनी व्याख्यानात ऐकली असेल. ती प्राचीन सुवर्णभूमी नेमकी कुठली, याविषयी अभ्यासकांची मते वेगवेगळी आहेत. मला त्या रात्री आठवला तो कथेतला पुढचा भाग. सागर श्रमणांनी कालकाचार्यांना ओळखलेच नाही. कोणी एक म्हातारा साधू आला आहे असे समजून ते त्यांच्यासमोर आपलीच विद्वत्ता दाखवीत राहिले आणि आचार्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली.

आचार्यांचा तो समभाव माझ्या अंगी कुठला? खाओ सान रस्त्याजवळच्या एका स्वस्त विश्रामगृहात मुलगी स्त्रियांच्या खोलीत गेली आणि मला आठ खाटांच्या खोलीत वरची खाट मिळाली. लोखंडी शिडी, पायथ्याशी सात किलोंची पिशवी आणि भोवती वीस-बावीस वर्षांची नाना देशांची मुले. त्यांतील एकाने माझ्याकडे पाहून आपली खालची खाट न बोलता मोकळी करून दिली. नाव विचारले नाही, धंदा विचारला नाही. आपल्याकडे पहिल्या दोन वाक्यांत गाव आणि पेढी कळल्याशिवाय बोलणे पुढे सरकत नाही. त्याने केवळ माझे वय पाहिले. मला बरे वाटले आणि किंचित अपमानही वाटला.

खाओ सान म्हणजे कांडलेला तांदूळ. पूर्वी येथे तांदळाचा बाजार होता. आज साऱ्या जगातील सडे प्रवासी येथे उतरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नवकारशी पारून आम्ही खाण्याच्या शोधात निघालो. साध्या दिसणाऱ्या भाजीतही तिथे माशाचा रस्सा पडतो, त्यामुळे "भाजी आहे" एवढ्यावर विसंबता येत नाही. शाकाहाराला थाई भाषेत "मांगसाविरत" म्हणतात. हा शब्द मूळचा "मांसविरती". सामायिकात आपण ज्या विरतीविषयी बोलतो, ती येथे रस्त्यावरच्या फलकावर भेटली. तरीही या अन्नात कांदा, लसूण, अंडे चालते. आपल्या जवळचे अन्न निराळेच निघाले. पिवळ्या पताकेवर लाल अक्षर असलेल्या दुकानांत "जे" नावाचे जेवण मिळते. चिनी बौद्ध परंपरेतून आलेल्या या आहारात मांस, मासे, अंडी, दूध नाही आणि कांदा-लसूणही नाही. दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास नऊ दिवस पुष्कळ लोक हे व्रत पाळतात. आश्विनातली आपली ओळीही नऊ दिवसांचीच.

मुळा, बटाटा मात्र "जे" मध्ये चालतो. मुलीने थाई भाषेतील चार वाक्ये घोकून ठेवली होती. ती ऐकून दुकानदार बाईने प्रत्येक पातेल्याचे झाकण उचलून दाखवले. मुळा असलेले पातेले तिने स्वतःच बाजूला सारले आणि भात, सोयाबीनचे पनीर व नाळीची भाजी वाढली. गिऱ्हाईकाला माल उघडून दाखवण्याची ही रीत मला ओळखीची होती. चार दिवसांत आम्ही तिच्याकडे पाच वेळा जेवलो.

तिसरा दिवस माझा होता. साम्पेंगच्या गल्लीत आणि पाहुरातच्या कापडबाजारात मी मुळजी जेठा मार्केटात असल्यासारखा वावरलो. १७८२ मध्ये राजवाड्यासाठी जागा हवी झाली तेव्हा तेथील चिनी व्यापाऱ्यांना साम्पेंगला हलवण्यात आले, तेव्हापासून ही बाजारपेठ भरते आहे. गल्ली इतकी अरुंद की हातगाडी आली की गिऱ्हाइकाने दुकानात शिरावे. पाहुरातला शीख व्यापाऱ्यांची दुकाने आणि त्यांचा मोठा गुरुद्वारा आहे. कापड चिमटीत धरून मी पोत सांगितला, दुकानदाराने गणनयंत्रावर आकडा दाखवला, मी दुसरा दाखवला. भाषेवाचून काही अडले नाही. घेतले काहीच नाही, केवळ भाव कळून घेतला. मुलगी हसत होती.

दुपारी वाट फोला गेलो. तेथील पहुडलेली बुद्धमूर्ती ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच आहे. तळपायांवर शिंपल्यांच्या जडावात १०८ मंगलचिन्हे आणि भिंतीलगत १०८ कांस्यपात्रे. प्रत्येक पात्रात एक नाणे टाकीत लोक पुढे सरकतात. त्या खणखणाटात माझी बोटे खिशातल्या नवकारवाळीवर कधी गेली, ते कळले नाही.

तिथेच वेळेचे भान सुटले. डिसेंबरात बँकॉकला सूर्य सहाच्या आधीच मावळतो. आपल्या पोटाच्या घड्याळात तेव्हा साडेचारही झालेले नसतात, म्हणून भुकेची आठवण होत नाही. ता तियेन धक्क्यावर पोहोचलो तेव्हा बोटीसाठी मोठी रांग होती. दोन बोटी भरून गेल्या. समोर वाट अरुणच्या शिखरामागे सूर्य उतरत होता आणि साऱ्या रांगेत कौतुकाने छायाचित्रे घेतली जात होती. खाखरे, शेकलेली डाळ, सगळे मोठ्या पिशवीत, विश्रामगृहावर. ती सकाळी दहानंतर काही जेवलेली नव्हती.

चौविहार मी २० वर्षे करतो. तरी तिचा उतरलेला चेहरा पाहून मीच म्हणालो, "बेटा, परतल्यावर खाऊन घे. प्रवास आहे. घरी गेल्यावर प्रायश्चित्त घेऊ."

ती म्हणाली, "पप्पा, इथे तिसऱ्या दिवशी चालले, तर तिथे दोन वर्षे चालतच राहील." एवढेच. तिने पाणीही घेतले नाही.

त्या रात्री तिचे डोके दुखत होते. स्त्रियांच्या खोलीत मला जाता येईना. मी जिन्यात बसून राहिलो आणि ठाण्याच्या पायऱ्यांवरचे बांचे वाक्य पुनःपुन्हा आठवत राहिले. नियमाचे कौतुक वाटत होते आणि भीतीही वाटत होती. दोहोंपैकी अधिक काय होते, हे आजही सांगता येणार नाही. सकाळी ती किटली मागत खाली आली, तेव्हा सहा खाखरे तिने उभ्यानेच संपवले.

चौथ्या दिवशी सीलोमजवळच्या महेसक रस्त्याच्या भागात गेलो. रत्नांच्या व्यापारासाठी आलेली आपली कुटुंबे या भागात पुष्कळ आहेत आणि मंदिरही आहे. पूजा करून बाहेर आलो, तोच एका गृहस्थांनी विचारले, "कुठले?" डोंबिवली म्हणताच गाव, पेढी, सोयरे सगळे निघाले आणि पाच मिनिटांत मी पुन्हा शेठ झालो. जेवणाचे आग्रहाचे निमंत्रण आले. मी वळून पाहिले, तर मुलगी पिशवीचे पट्टे आवळत होती.

"तुम्ही थांबा, पप्पा. मी रेल्वेने अयुथयाला जाऊन येते."

मी तिकिटाचे पैसे पुढे केले. ते तिच्याकडे होतेच. ती गेल्यावर तासाभराने बांचा फोन आला.

"पोरगी कुठे आहे?"

"अयोध्येला गेली आहे," मी म्हणालो. त्या नगराचे नाव अयोध्येवरूनच पडले आहे.

"एकटी?"

"एकटी."

बराच वेळ आवाज आला नाही. फोन तुटला असे वाटून मी तो कानापासून दूर धरला, तेव्हा त्या म्हणाल्या, "तिकडे सूर्य किती वाजता मावळतो?"

"पावणेसहाच्या सुमारास."

"मग चार वाजता तिला फोन कर. खाऊन घे म्हणावे."