निळ्या उजेडातला खरा रंग

साडीच्या दुकानात एक गोष्ट रोज घडते. गादीवर बसलेल्या बाई दहा साड्या उलगडायला लावतात, त्यांतली एक पसंत करतात, पदर हातावर टाकून पाहतात. आणि पैसे देण्यापूर्वी ती साडी घेऊन दुकानाच्या दारापर्यंत जातात. ‘जरा उजेडात बघते,’ एवढेच त्या म्हणतात. दुकानदाराला त्याचा राग येत नाही. आतल्या दिव्यांखाली जांभळी वाटलेली साडी दारात वांगी रंगाची निघते, मोरपिशी म्हणून काढलेली नुसतीच हिरवी ठरते, हे त्यालाही ठाऊक असते. मासळीबाजारात जाणाऱ्या गृहिणीलाही हे शास्त्र अवगत असते. पापलेटाचे कल्ले ती उघडून पाहते ते टोपलीवर टांगलेल्या दिव्याखाली नव्हे, तर दिवसाच्या उजेडाकडे धरून. रंग हा एकट्या वस्तूचा नसतो. त्यात उजेडाचा वाटा असतो, आणि पाहणाऱ्या डोळ्याचाही असतो. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकातून न घेता माणसांनी व्यवहारातून मिळवलेले आहे.

पण जी वस्तू दारापर्यंत नेताच येत नाही, तिचे काय करावे? घरात सागरी जीवांची काचेची टाकी ठेवणाऱ्या हौशी माणसापुढे हाच प्रश्न असतो. एके काळी मत्स्यालय पाहायचे म्हणजे मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात जायचे, अशी अनेक पिढ्यांची समजूत होती. पुढे मासे घरांत आले आणि आता काही घरांत तर समुद्राचा एक लहानसा तुकडाच येऊन बसला आहे. संध्याकाळी खोलीतले दिवे मालवले की टाकीवरचे निळे एलईडी दिवे पेटतात. पाण्यात मऊ प्रवाळांच्या बाहुल्या हलत असतात. कोठे हिरवा, कोठे शेंदरी रंग असा तेजाळतो की जणू त्यांच्या आतच पणत्या लावलेल्या आहेत. पाहणारा भारावतो, खिशातला मोबाइल काढतो, छायाचित्र टिपतो आणि पडद्याकडे पाहून हिरमुसतो. चित्रात शाईची दौत लवंडलेली असते. हिरवा नाही, शेंदरी नाही; आहे तो एक भडक निळा-जांभळा डाग आणि त्यात काही आकृत्या.

हा दोष मोबाइलचा म्हणावा, दिव्याचा म्हणावा की डोळ्याचा? तिघांचीही बाजू ऐकून घेण्यासारखी आहे.

आधी दिव्याची. टाकीवर निळाच दिवा का लावतात? समुद्राचे पाणी सूर्यप्रकाशातले सगळे रंग सारख्या प्रमाणात खाली जाऊ देत नाही. तांबडा रंग ते सर्वांत आधी गिळते. दहा मीटर खोलीपर्यंत तांबड्या प्रकाशाचा अगदी थोडा अंश उरतो, मग नारिंगी व पिवळा क्षीण होत जातात. निळा मात्र दूरवर पोहोचतो. खोल पाण्यात पाणबुड्याच्या बोटाला खरचटले तर रक्त तांबडे न दिसता हिरवट-काळसर दिसते, ते यामुळेच. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर पश्चिमेला अरबी समुद्रात आंग्रिया बँक नावाचे बुडालेले पठार आहे. त्याच्या माथ्यावरही वीसेक मीटर पाणी आहे आणि तेथे प्रवाळ वाढतात. त्यांचे सारे आयुष्य निळ्या उजेडात जाते. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाले राहतात. ती प्रकाशापासून अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा हिस्सा यजमानाला देतात. या शैवालांना निळा प्रकाश उत्तम मानवतो. म्हणून टाकीवरचा निळा दिवा ही केवळ सजावट नाही. प्रवाळाचे ते पोटापाण्याचे साधन आहे. असा दिवा हाती येण्यास मात्र बराच काळ लागला. तांबडे आणि हिरवे एलईडी आधीपासून होते, पण तेजस्वी निळा एलईडी १९९० च्या दशकाच्या आरंभी जपानमध्ये साधला, आणि त्यासाठी अकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. घरातल्या पांढऱ्या एलईडी दिव्याच्या पोटातही बहुधा निळाच दिवा असतो. त्यावर पिवळी चमक देणाऱ्या द्रव्याचा लेप दिलेला असतो, एवढेच.

आता त्या पणत्यांविषयी. अनेक प्रवाळांच्या शरीरात अशी प्रथिने असतात की ती निळा प्रकाश शोषून घेतात आणि त्याच्या बदल्यात हिरवा, पिवळा किंवा तांबडा प्रकाश बाहेर टाकतात. असे पहिले हिरवे प्रथिन १९६२ मध्ये ओसामू शिमोमुरा यांनी एका जेलीफिशमधून वेगळे केले. त्या कामातून जीवशास्त्राला पेशींच्या आत डोकावणारा एक दिवाच मिळाला आणि २००८ मध्ये शिमोमुरा, चॅल्फी व त्सियेन यांना रसायनशास्त्राचे नोबेल देण्यात आले. तेव्हा टाकीतला हिरवा रंग हा परावर्तित रंग नव्हे, तो त्या जीवाने स्वतः घडवलेला रंग आहे. त्याच जीवाला दुपारच्या उन्हात पाहिले तर तो पुष्कळदा साधा तपकिरी दिसतो. म्हणजे येथे साडी दारात नेण्याचा उपाय चालत नाही. दारात नेली की तिचा जरीकाठच नाहीसा होतो.

डोळ्याची बाजू अधिक गमतीची आहे. निळ्या उजेडापुढे माणूस थोडा वेळ बसला की त्याचे डोळे व मेंदू त्या उजेडाशी जुळवून घेतात. निळ्याची संवेदना मंदावते, इतर रंग उठून दिसू लागतात. सकाळचे कोवळे ऊन, ट्यूबलाइट आणि कंदील या तिन्हींत आपण वहीचा कागद पांढराच समजतो, ती हीच किमया. ती इतकी नकळत घडते की आपण काही दुरुस्त करून पाहत आहोत याची शंकाही मनाला शिवत नाही. टाकीचा मालक रोज तासन्‌तास तेथे बसतो, म्हणून त्याला पाणी तितकेसे निळे वाटतच नाही. पाहुणा मात्र दारातून आत येताच ‘अहो, किती हा निळा उजेड!’ असे म्हणतो. दोघेही खरेच बोलत असतात.

मोबाइलला अशी सवय लागत नाही. त्याच्या लेन्समागच्या संवेदकावर लक्षावधी सूक्ष्म खिडक्या असतात. दर चारांपैकी दोन हिरव्या, एक तांबडी आणि एक निळी, ही मांडणी कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर यांची. तिचे पेटंट १९७६ चे आहे. टाकीसमोर धरलेल्या मोबाइलच्या निळ्या खिडकीवर प्रकाशाचा पूर लोटतो, आणि हिरव्या व तांबड्या खिडक्या जवळजवळ कोरड्या राहतात. त्यात भर अशी की दृश्य किती उजळ आहे याचा हिशेब करताना यंत्र हिरव्याला सर्वाधिक आणि निळ्याला अगदीच थोडे वजन देते, कारण माणसाच्या डोळ्यालाही निळा रंग कमी उजळ भासतो. मोबाइल समजतो की खोलीत अंधार आहे, आणि अधिक प्रकाश आत घेतो. निळी खिडकी काठोकाठ भरून वाहू लागते. घागर भरल्यावर तिच्यावरून किती पाणी वाहून गेले हे घागर सांगू शकत नाही; तसेच येथे होते. त्या डागातले बारकावे नोंदलेच जात नाहीत आणि मग घरी बसून कितीही दुरुस्त्या केल्या तरी ते परत मिळत नाहीत. पांढरा रंग पांढरा दिसावा म्हणून मोबाइल जो तोल सांभाळतो, त्याचीही येथे दमछाक होते. दुपारचे ऊन सुमारे साडेपाच हजार केल्विनचे मानतात. सागरी टाकीच्या दिव्यांवर चौदा हजार, वीस हजार असे आकडे छापलेले असतात, आणि बहुतेक मोबाइलांची मोजपट्टी दहा हजारांच्या आसपास किंवा त्याआधीच संपते.

रोग कळला म्हणजे औषध अवघड नाही. पूर मोबाइलच्या आत शिरण्यापूर्वीच अडवला पाहिजे. त्यासाठी लेन्सवर अडकवायची पिवळी किंवा नारिंगी काच बाजारात मिळते. ती निळा प्रकाश बराचसा रोखते आणि हिरवा व तांबडा पुढे जाऊ देते. ती नसेल तर आकाशकंदिलाला लावतात तसला पिवळा जिलेटीन कागद लेन्सवर ताणून धरला तरी फरक दिसतो. चित्र किंचित धूसर येते, पण शाई ओसरते. दुसरे काम उजेड कमी घेण्याचे. पडद्यावर बोट दाबून ठेवले की बहुतेक मोबाइलांत सूर्याचे चिन्ह उमटते. ते खाली ओढावे, चित्र पडद्यावर जरा अंधारे वाटले तरी चालेल. अंधारातले नंतर उजळता येते, वाहून गेलेले परत आणता येत नाही. खोलीतले दिवे मालवावेत, नाही तर काचेत छायाचित्रकाराचा सदराच दिसतो. आणि मोबाइल काचेला अगदी समांतर धरावा. तिरकस धरला तर जाड काचेतून जाताना रंग फाटतात आणि माशाच्या कडेला इंद्रधनुष्याची झालर लागते.

पांढऱ्याचा तोल हाताने साधायचा तर टाकीत एखादी खरोखर पांढरी किंवा राखाडी वस्तू हवी. छायाचित्रकार त्यासाठी राखाडी पुठ्ठा वापरतात, काहीजण पांढऱ्या पीव्हीसी नळीचा तुकडा पाण्यात ठेवतात. परंतु निसर्गाने एक सोय आधीच करून ठेवली आहे. २००३ च्या ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटाने मुलांच्या ओळखीचा झालेला क्लाउनफिश टाकीत असेल, तर त्याच्या नारिंगी अंगावरचे पांढरे पट्टे हाच मानदंड. निळ्या दिव्याखाली ते पट्टे भगभगीत निळे दिसतात आणि नारिंगी अंग काळवंडते, कारण नारिंगी रंगाला परत पाठवण्यासाठी त्या दिव्यात काही नसतेच. पट्टा पांढरा होईतो तोल सरकवत न्यावा. मासा एका जागी राहत नाही, ही अडचण आहे खरी. पण प्रवाळाच्या मानाने तो निदान प्रेमळ तरी असतो, माणूस काचेजवळ आला की तोही जवळ येतो.

एवढा खटाटोप एका चित्रासाठी कशाला, असे कोणी म्हणेल. चित्र केवळ शोभेचे असते तर हे म्हणणे मान्य करता आले असते. पण समजा, नागपुरात, समुद्रापासून शेकडो कोस दूर, कोणी ही टाकी सांभाळतो आहे. त्याला वाटते की कोपऱ्यातला प्रवाळ फिका पडत चालला आहे. प्रवाळाच्या अंगातली शैवाले निघून गेली की तो पांढरा पडतो, आणि वेळीच कारण सापडले नाही तर उपासमारीने मरतो. शहरात विचारायला कोणी नाही. तो चेन्नईतल्या एका अनुभवी मित्राला छायाचित्र पाठवतो आणि विचारतो, ‘दादा, हे पांढरे पडतेय का?’ छायाचित्र निळे असेल तर फिकेपणा त्या निळ्यात लपतो; दादा ‘ठीक आहे’ म्हणतात आणि चार दिवस हातचे जातात. छायाचित्र अतिरेकी दुरुस्त केलेले असेल तर धडधाकट तपकिरी जीवही निस्तेज दिसतो. दादा दिवा बदलायला सांगतात आणि नसलेल्या आजारावर औषध सुरू होते. पडद्यावरचा रंग येथे लक्षण म्हणून वाचला जातो. डॉक्टर जीभ पाहतात तेव्हा आपण आधी जांभूळ खाऊन जात नाही.

विक्रेत्यांची चित्रे हा वेगळाच विषय. संगणकावर रंगाचे बटण शेवटपर्यंत फिरवून काढलेली चित्रे पाहून माणूस पैसे मोजतो आणि घरी येते ते करड्या रंगाचे बोटभर काहीतरी. जे प्राणी मुळात विकायलाच नकोत, तेही अशा झगमगाटात खपवले जातात. दगडी प्रवाळांना भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षण आहे. ते समुद्रातून तोडणे वा त्यांचा व्यापार करणे हा गुन्हा आहे. चित्रातला रंग खरा आहे का, याच्या आधी तो जीव आला कोठून, हे विचारलेले बरे.

मग खरे छायाचित्र कोणते? २०१५ मध्ये एका पोशाखाच्या छायाचित्रावरून जगभर वाद झाला होता. काहींना तो पांढरा-सोनेरी दिसे, काहींना निळा-काळा. प्रत्यक्षात पोशाख निळा-काळाच होता, म्हणून तो वाद मिटू शकला. प्रवाळाच्या बाबतीत असा निवाडा करता येत नाही. पांढरे दिवे दोन मिनिटे वाढवून काढलेले चित्र त्याची त्वचा दाखवते. निळ्या दिव्याखाली, पिवळ्या काचेतून काढलेले चित्र त्याची चमक दाखवते. सल्ला विचारणाऱ्याने पहिले पाठवावे, कौतुक करून घेणाऱ्याने दुसरे. जाणकार हौशी लोक दोन्ही काढतात, आणि दर खेपेस तेच अंतर व तोच दिवा ठेवून, तारीख टाकून जपतात. एकेकट्या चित्रापेक्षा अशा रांगेतून प्रवाळाची प्रकृती अधिक विश्वासाने कळते. कारण मोबाइलची चूक झालीच तरी ती प्रत्येक चित्रात साधारण सारखीच झालेली असते आणि फरक उरतो तो प्रवाळाचा.

इतके सारे साधून, पट्टा पांढरा करून, रांग जुळवून छायाचित्र चेन्नईला रवाना होते. रात्रीचे अकरा वाजलेले असतात. दादा अंथरुणात पडूनच मोबाइल उघडतात. डोळ्यांना त्रास नको म्हणून रात्री पडदा पिवळसर करण्याची जी सोय असते, ती त्यांनी चालू ठेवलेली असते. ‘प्रवाळ जरा पिवळट वाटतोय रे,’ असे उत्तर येते. मग इकडून पुन्हा निरोप जातो, की तेवढी पिवळी झाक बंद करून परत एकदा पाहा.