बर्फावरची शिडी

अमेरिकेत आपली मुले फिगर स्केटिंगकडे वळतात, तेव्हा पालकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. येथे वाटा दोन आहेत.

पहिली परीक्षेची. नॉव्हिस, ज्युनियर, सीनियर अशा पायऱ्या. प्रत्येकीत उतरण्याआधी तिची परीक्षा द्यावी लागते. ठरलेले माप गाठले की पास, मग शेजारची मुलगी कितीही सरस असो.

दुसरी वाट स्पर्धेची. 2019 पूर्वी बरीच वर्षे देशात नऊ प्रादेशिक स्पर्धा होत. प्रत्येकीतले पहिले चार पूर्व, मध्य-पश्चिम व पॅसिफिक किनारा या तीन मोठ्या विभागांपैकी आपापल्या विभागात जात. तेथून पुन्हा चार-चार राष्ट्रीय स्पर्धेला. थेट प्रवेश मिळालेले निराळे. पुढे नियम बदलले, तरी शिडी अरुंदच राहिली.

2018 साली आमची नात प्रादेशिक स्पर्धेत पाचवी आली. घरात दोन दिवस कोणी धड जेवले नाही.

आम्ही मुंबईस नर्सिंग शिकलो. माप गाठलेल्या साऱ्याजणी पास झालो, आणि पुढे एकाही रोग्याने आमचा नंबर विचारला नाही. स्केटिंगमध्येही पास झालेली परीक्षा कोणी काढून घेत नाही. तेव्हा पालकहो, पेढे वाटायला पदकाची वाट पाहू नका. मूल परीक्षा पास झाले की त्याच दिवशी वाटा.