परतीचं तिकीट असलेली इमिग्रंट

लग्न करून परदेशी जाणाऱ्या मुलीचं एक ठरलेलं चित्र आपल्या सगळ्यांच्या डोक्यात असतं. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा, एअरपोर्टवर डोळे पुसणारी आई, 'पोचलीस की फोन कर गं' म्हणणारे काका आणि काचेच्या दारातून आत गेल्यावर मागे वळून केलेला टाटा. एकदाच. विषय संपला! माझ्या बाबतीत हे चित्र टीव्ही सीरियलसारखं दोन भागांत आलं. पहिल्या भागात मी अमेरिकेची 'कायमची रहिवासी' झाले आणि तीन आठवड्यांनी कोथरूडला परत येऊन गवार निवडायला बसले.

तुमच्या ग्रुपमध्ये कुणी या वाटेवर असेल (आणि पुण्यात असा ग्रुप सापडणं कठीण, ज्यात कुणीच नाही), तर थोडा तांत्रिक भाग सहन करा. अमेरिकन नागरिकाच्या जोडीदाराला मिळतो तो इमिग्रंट व्हिसा. आपल्याकडे लोकांना टुरिस्ट व्हिसा माहीत असतो, दहा वर्षांचा, निवांत. हा तसा नाही. हा साधारण सहा महिन्यांत संपतो, कारण तो मेडिकलच्या तारखेला बांधलेला असतो. त्या मुदतीत अमेरिकेत एकदा पाऊल टाकायचंच. तिथल्या अधिकाऱ्याने शिक्का मारला की पासपोर्टातलं तेच पान वर्षभर ग्रीन कार्डाचं काम करतं, तसं त्यावर छापलेलंच असतं. खरं कार्ड मागाहून तिथल्या पत्त्यावर पोस्टाने येतं. त्यासाठी आधी ऑनलाइन २३५ डॉलर भरायचे. व्हिसाची फी वेगळी, मेडिकलची वेगळी, विचारू नका.

आमचं लग्न फेब्रुवारी २०२३ मध्ये झालं. नवरा (नाव लिहीत नाही, तो चिडतो) बारा वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर न्यू जर्सीला गेला आणि पुढे तिथलाच नागरिक झाला. त्याची मराठी त्या वयात गोठलेली आहे. अजून 'सॉलिड' आणि 'लय भारी' म्हणतो, पण 'तारण' म्हणजे काय विचारतो. २०२२ मध्ये ऑफिसच्या कामासाठी तो वर्षभर पुण्यात होता, तेव्हा आमचं जमलं. लग्नानंतर तो परत गेला आणि आमचा संसार फायलीत सुरू झाला. आधी त्याने माझ्यासाठी अर्ज केला, मग कागदपत्रं, मग त्याच्या टॅक्सचे कागद, मग मुंबईत मेडिकल आणि बीकेसीच्या कॉन्सुलेटमध्ये इंटरव्ह्यू. जवळजवळ दोन वर्षं. त्यात आम्ही एका छपराखाली राहिलो ते सगळं मिळून पाच महिने.

या फायलीतला माझा सगळ्यात आवडता कागद म्हणजे नवऱ्याने सही केलेलं आर्थिक जबाबदारीचं हमीपत्र. मी तिथली नागरिक होईपर्यंत किंवा माझ्या नावावर साधारण दहा वर्षांच्या कामाची नोंद होईपर्यंत माझा भार उचलण्याची ती हमी, आणि घटस्फोट झाला तरी ती सुटत नाही! सप्तपदी एकवेळ मोडेल, हा कागद नाही. सही करताना त्याने तो वाचला होता का, हे मी अजून विचारलेलं नाही.

व्हिसा हातात आला जानेवारी २०२५ मध्ये. आणि आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली एप्रिलची. बाबा नाहीत, मी एकुलती एक. ऑपरेशननंतर आईला निदान तीन महिने घरात कुणीतरी लागणार होतं आणि व्हिसा जुलैत संपणार होता. इतकं काठावर कोण चालेल? म्हणून ठरलं, मार्चमध्ये एक फेरी मारून यायची. 'पाय लावून यायचं', आई म्हणाली. गुडघ्याच्या पेशंटने हा शब्द वापरावा, यावर आम्ही दोघी बऱ्याच वेळ हसलो.

नातेवाइकांची मात्र पंचाईत झाली. निरोप द्यायचा की नाही? धाकट्या मावशीने साडी आणून ठेवली होती, ती परत कपाटात गेली. शेजारच्या काकूंनी बेसनाचे लाडू केले आणि 'अगं, पण तू तर येणारेस' म्हणून निम्मेच दिले. आईने ओटी भरायला साफ नकार दिला. 'ही फेरी आहे. ओटी जाशील तेव्हा भरेन.' मी चिडले होते थोडी. मला ती ओटी हवी होती, असं नाही. पण या जाण्याला कुणीच जाणं मानत नव्हतं आणि माझ्या पोटात तर गोळा आला होता.

मुंबईच्या इमिग्रेशन काउंटरवरच्या माणसाने पासपोर्टातलं ते पान बघितलं. 'कायमच्या चाललात?'

'नाही. बावीसला परत.'

'मग हा व्हिसा?'

'तो कायमचाच आहे.'

त्याने माझ्याकडे एकदा, पानाकडे एकदा बघितलं आणि शिक्का मारला. दिवसभरात याहून चक्रम उत्तरं तो ऐकत असणार.

२ मार्चला न्यूअर्कला उतरले तेव्हा माझ्या हातात पासपोर्टाबरोबर मॅरेज सर्टिफिकेट होतं, वर, दाखवायला तयार. कारण असं, की लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत तुम्ही अमेरिकेत शिरलात, तर 'सशर्त' रहिवासी ठरता. दोन वर्षांचं कार्ड मिळतं आणि ते संपायच्या आधीच्या नव्वद दिवसांत लग्न खरं आहे हे पुन्हा सिद्ध करायचं. दोन वर्षं उलटल्यावर शिरलात तर थेट दहा वर्षांचं. व्हिसावर काय छापलंय, याला महत्त्व नाही. तुम्ही दारात उभे राहता तो दिवस धरतात. माझा व्हिसा जानेवारीत निघाला, म्हणून त्यावर सशर्तवाला कोड होता, 'सीआर-वन'. लग्नाचा दुसरा वाढदिवस फेब्रुवारीत होऊन गेला होता. तिकीट मार्चचं काढण्यामागे आईच्या तारखेइतकंच हेही कारण होतं. (दुसरा वाढदिवस आम्ही व्हिडिओ कॉलवर, एकेक पेस्ट्री खाऊन साजरा केला. रोमॅन्स आणि पेपरवर्क यांत आम्ही कायम पेपरवर्क निवडलंय.)

अधिकाऱ्याला मी तारीख दाखवली. त्याने सर्टिफिकेट वाचलं, स्क्रीनवर काहीतरी केलं, पेनाने 'सीआर' खोडून 'आयआर' लिहिलं. बोटांचे ठसे, फोटो, शिक्का. किती दिवस राहणार, असं त्याने विचारलं. तीन आठवडे, मी म्हटलं. आईचं ऑपरेशन आहे, मग सप्टेंबरपर्यंत कायमची येईन. त्याने मान हलवली आणि म्हणाला, 'वेलकम होम.'

तोपर्यंत मी अमेरिका पाहिलीही नव्हती.

त्या तीन आठवड्यांबद्दल लोक विचारतात, 'काय काय फिरलीस?' खरं सांगायचं तर बँक फिरले. जॉइंट अकाउंट उघडलं. नवऱ्याच्या घराच्या भाडेकरारावर माझं नाव चढवलं. सोशल सिक्युरिटी नंबरचं पाकीट आलं. न्यूयॉर्क एक दिवस, तेही पावसात. ओक ट्री रोडला मात्र दोनदा गेलो आणि तिथे मेथीची जुडी बघून मला उगाच बरं वाटलं. बाकी सगळं कागदांसाठी. कारण ग्रीन कार्ड म्हणजे वरचेवर येण्याजाण्याचा पास नव्हे. तुम्ही खरोखर तिथे राहता, असं दिसावं लागतं. सलग १८० दिवसांहून जास्त बाहेर राहिलात तर परत येताना तुमची नव्याने तपासणी होऊ शकते. वर्षाहून जास्त बाहेर राहायचं असेल तर आधी वेगळा परवाना घ्यावा लागतो आणि त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करायचा, इथून नाही. मी तिथे असतानाच, १३ मार्चला, उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स टीव्हीवर म्हणाले, की ग्रीन कार्डधारकाला अमेरिकेत अनिश्चित काळ राहण्याचा हक्क नाही. नवऱ्याने टीव्ही बंद केला. मी भाडेकराराची झेरॉक्स अजून दोन कॉपी काढायला सांगितली.

आणि टॅक्स! रहिवासी म्हणून पाऊल टाकलं त्या दिवसापासून माझं जगभरातलं उत्पन्न अमेरिकेच्या हिशेबात आलं. म्हणजे पुण्यात बसून मी मराठीत लिहिलेल्या लेखाचं मानधनही तिथल्या फॉर्मवर दाखवायचं. ते मानधन किती असतं, हे फ्रीलान्सिंग करणाऱ्यांना माहीत आहे. सीएने आकडा बघून 'महिन्याचं ना?' असं विचारलं. 'वर्षाचं' म्हटल्यावर तो फार हळुवारपणे बोलायला लागला.

सासूबाईंशी माझं त्या तीन आठवड्यांत पहिल्यांदा नीट बोलणं झालं. एके दुपारी त्यांनी साबुदाण्याची खिचडी केली होती आणि बाहेर बर्फाचे वितळलेले ढिगारे काळे पडले होते. मी म्हटलं, मी अजून आलेली नाहीये हं, ही फक्त फेरी आहे. त्या म्हणाल्या, 'मीही २००३ साली दोन वर्षांसाठीच आले होते. ठाण्याचं घर बंद करताना फ्रिज पुसून त्याचं दार उघडं ठेवलं होतं, वास लागू नये म्हणून.' मग त्यांनी मला दही वाढलं. तो फ्रिज कुणाला दिला, कधी दिला, हे मी विचारलं नाही. त्या रात्री नवऱ्याला विचारलं तर त्याला तो फ्रिज आठवतही नव्हता.

९ मार्चला तिथली घड्याळं एक तास पुढे गेली. आईला मी रोज माझ्या रात्री साडेनऊला, म्हणजे तिच्या सकाळी आठला फोन करायचे. त्या दिवशी केला तर तिकडे सात वाजले होते आणि आई अंथरुणातून उठत होती. फोनवर मला पहिल्यांदा ऐकू आलं, की उठताना ती काय आवाज करते. घरात असताना मी त्या वेळी झोपलेली असते. पुढचे सगळे फोन मी सातलाच केले.

अमेरिकेतून निघताना पासपोर्टावर कुणी शिक्का मारत नाही. एअरलाइनच्या काउंटरवर बघतात तेवढंच. तुम्ही सरळ चालत जाता आणि विमानात बसता. मला ते विचित्र वाटलं. शिरायला दोन वर्षं, निघायला चाळीस मिनिटं.

गुढीपाडवा ३० मार्चला होता, तेव्हा मी घरी होते. सोसायटीत 'अगं, तू गेली नव्हतीस का?' हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला, की गुढीशेजारी पाटी लावावीशी वाटली. माझ्या पाकिटात न्यू जर्सीच्या बँकेचं डेबिट कार्ड होतं आणि मी चितळ्यांकडे श्रीखंडाच्या रांगेत उभी होते. आईचं ऑपरेशन नीट झालं. फिजिओथेरपीवाली मुलगी रोज यायची. आई तिला माझ्या देखत सांगायची, 'ही सप्टेंबरात जाणार, त्याआधी मला जिना चढता आला पाहिजे.' ही धमकी होती की टार्गेट, देव जाणे. फ्रिजवर मी कॅलेंडर लावलं होतं आणि त्यावर १८० वा दिवस लाल पेनाने खुणावला होता, १८ सप्टेंबर. आई भाजी काढताना रोज तो बघायची. एकदा मी ते कॅलेंडर काढून ठेवलं, तर तिने परत लावलं.

त्या सहा महिन्यांत आमचं भांडण एकदाच झालं. मी म्हटलं होतं, वर्षभराची मुदत आहे, दिवाळी करून जाते, फार तर एअरपोर्टवर दोन प्रश्न जास्त विचारतील. आईने वॉकर भिंतीला टेकवला. 'माझ्या गुडघ्यावर तुझी दिवाळी ढकलू नकोस,' एवढंच म्हणाली. नवरा तिकडून 'तू ठरव' म्हणत होता. फार समजूतदार आहे तो, आणि कधीकधी समजूतदार माणसाचा भयंकर राग येतो. कुणीतरी 'ये' किंवा 'थांब' म्हणावं, असं मला वाटत होतं. दोघांपैकी एकही म्हणालं नाही.

अनंत चतुर्दशी झाली आणि १० सप्टेंबरला मी निघाले. १७२ वा दिवस. आईने ओटी भरली, मावशीची साडी कपाटातून बाहेर आली. खालपर्यंत आई जिना उतरून आली, कठड्याला धरून, एकेक पायरी. न्यूअर्कला या वेळी कुणी 'वेलकम होम' म्हणालं नाही. कार्ड बघितलं आणि पुढे जायला सांगितलं.

आता फोन सकाळी सातचाच असतो. गेल्या महिन्यात आईने माझी खोली एका पीएचडी करणाऱ्या मुलीला भाड्याने दिली. मला आधी सांगितलं नाही. नंतर फोनवर म्हणाली, 'तुझी पुस्तकं आहेत अजून टेबलावर, तिला टेबल हवंय. कुठे ठेवू?'

'माळ्यावर टाक,' मी म्हटलं.

'माळ्यावर माझा हात कुठे पोचतोय? तिलाच सांगते.'