छातीतल्या गाठींची साक्ष

बालाघाटजवळ भरवेलीला मँगनीज जमिनीच्या पोटातून काढतात. खडक फोडताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असली, की ती वर्षानुवर्षे फुप्फुसांत साठत जाते. पुढे केव्हातरी सीटी स्कॅन होतो आणि अहवालात ‘दोन्ही फुप्फुसांत बारीक गाठी’ एवढेच शब्द उतरतात. साक्षीदाराने नाव सांगून पिंजऱ्यातून खाली उतरावे, तसा हा अहवाल आम्हा वकिलांना वाटतो. गाठी आहेत कुठे, हेच तर विचारायचे असते! दाणे आवरणापर्यंत वाटेल तसे विखुरलेले असतील, तर संशय रक्तावाटे पसरलेल्या क्षयाकडे जातो. पालवी फुटलेल्या फांदीसारखे दिसले, तर श्वासनलिकांवाटे पसरलेल्या संसर्गाकडे. वरच्या भागात, पाठीच्या बाजूस दाटले, तर सिलिकोसिसकडे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात सिलिकोसिस व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदला गेला. खाणकामगाराच्या निव्वळ क्षयाला तिथे जागा नव्हती. त्यातून हे दोन्ही रोग एकाच छातीत नांदू शकतात. सिलिका क्षयाला दार उघडून देते. म्हणून थुंकीत जंतू सापडले, एवढ्याने धुळीची चौकशी संपत नाही. अहवालावर वय असते, लिंग असते. हा मनुष्य खाणीत किती वर्षे उतरला, हे मात्र बहुधा कोणी विचारलेलेच नसते.