नावे कोण सांगणार?

घरच्या संगणकातले फोटो आणि व्हिडिओ लावायला घेतले. फोल्डरच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहिला, की '२०१२-०५-०६' आपोआप '२०१२-११-१३'च्या आधी येऊन बसते. कॅमेरा प्रत्येक फोटोच्या पोटातच तारीख नोंदवतो, त्यामुळे हे काम सोपे. पण स्कॅन केलेला आजीच्या लग्नाचा फोटो? त्याला संगणकाने स्कॅनचीच तारीख दिली! मांडवातली माणसे तर त्याच्या ओळखीची नाहीतच. बाकीचे कप्पे तसेच ठेवून मी वही घेऊन आजीपाशी बसलो. पहिल्या रांगेतली सात नावे तिने भराभर सांगितली. दुसऱ्या रांगेतल्या टोपीवाल्या मुलापाशी मात्र तिचे बोट थांबले, ते थांबलेच. मित्रहो, तारखा मागाहूनही लावता येतील. नावे आजच विचारून घ्या.